ब्रिटन व युरोपीय संघ : एका वांटणीचा अभ्यास

आपल्या मंडळाच्या गेल्या सर्वसाधारण सभेंत दोन पक्ष पडले, हें सभासद बंधूंस ठाऊक आहेच. खतांच्या सामाईक खरेदींत व मालाच्या सामाईक विक्रींत राहावें, कीं ज्यानें त्यानें आपापलें पाहावें, असा तो वाद होता. वाद ऐन भरांत असतां एका तरुण सभासदानें, "इंग्लंडसारखें शहाणें राष्ट्र संघांतून बाहेर पडलें, मग आपणच कां चिकटून बसावें?" असा प्रश्न टाकला, आणि दुसऱ्यानें, "बाहेर पडून इंग्लंडची काय दशा झाली ती पाहा," असें उत्तर दिलें. दोघांनींही तो विषय मुळापासून वाचलेला नव्हता, हें त्यांनींच मागाहून मोकळेपणानें कबूल केलें. तेव्हां, तो विषय वाचून साध्या भाषेंत एक पाठ लिहून द्यावा, अशी संपादकांनीं मला आज्ञा केली.

मीं जन्मभर महसूल खात्यांत कारकुनी केली. माझें शिक्षण मराठी शाळेपुरतें. राजकारणाचा मी पंडित नाहीं. परंतु वांटण्या मात्र मीं पुष्कळ पाहिल्या आहेत. वांटणी कां मागतात, ती कशी होते, आणि कागदावर झाल्यावर बांधावर काय होतें, हें मला ठाऊक आहे. ब्रिटनचें प्रकरण जसजसें वाचीत गेलों, तसतशी हीहि एक मोठी वांटणीच आहे अशी माझी खात्री होत गेली. म्हणून त्याच दृष्टीनें हा पाठ लिहिला आहे.

१. संघ कसा बनला

दुसरें महायुद्ध संपलें तेव्हां युरोपांतील देश भुकेनें व वैरानें जर्जर झाले होते. फ्रान्स व जर्मनी यांचें वैर तर पिढ्यान्‌पिढ्यांचें. तोफा ज्या कोळशावर व पोलादावर ओततात, तेंच दोघांनीं सामाईक केलें तर लढाई करणेंच कठीण होईल, या विचारानें १९५१ सालीं फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, हॉलंड व लक्झेंबर्ग या सहा देशांनीं कोळसा व पोलाद यांचा एक संघ केला. २५ मार्च १९५७ रोजीं रोम येथें करार होऊन या सहांची सामाईक बाजारपेठ ठरली व ती १९५८ च्या आरंभापासून अमलांत आली. आपसांत जकात घ्यावयाची नाहीं आणि बाहेरच्या मालावर सर्वांनीं एकच जकात घ्यावयाची, हें तिचें मूळ सूत्र होय.

१९६२ पासून या बाजारपेठेंत शेतीचें सामाईक धोरण सुरू झालें. शेतमालाचा भाव ठरवून द्यावयाचा, बाजारभाव त्याखालीं गेला तर माल सामाईक तिजोरींतून विकत घ्यावयाचा, आणि परदेशच्या स्वस्त मालाला जकातीनें अडवावयाचें. उपाशी युरोपाला यामुळें धान्य मिळालें, हें खरें. परंतु हमी भाव मिळतो म्हटल्यावर शेतकऱ्यांनीं इतकें पिकविलें कीं, पुढें गोदामांत लोण्याचे डोंगर सांठले. १९८४ सालीं दुधाच्या उत्पादनावर मर्यादा घालावी लागली. १९९२ पासून भावाचा आधार कमी करून शेतकऱ्यास रोख साह्य देण्याकडे हें धोरण वळलें.

२. ब्रिटन आंत कसा आला

ब्रिटनची शेतीविषयींची रीत युरोपाहून निराळी होती. १८४६ सालीं धान्यावरील जकातीचे कायदे रद्द झाल्यापासून ब्रिटन हा परदेशच्या स्वस्त धान्यावर जगणारा देश झाला. कॅनडाचा गहूं, न्यूझीलंडचें लोणी व मेंढ्यांचें मांस हें तेथील कामगाराचें रोजचें अन्न. त्या १८४६ च्या ठरावानेंहि त्या वेळचा हुजूर पक्ष दुभंगला होता, हें येथें ध्यानांत ठेवावें. बाजारपेठ उघडावी कीं झांकावी, या प्रश्नावर ब्रिटनमध्यें पक्ष फुटणें नवें नाहीं.

आरंभीं ब्रिटन बाहेर राहिला. मग १९६१ सालीं प्रवेशासाठीं अर्ज केला. फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनीं १९६३ सालीं तो अडविला. दुसरा अर्जहि १९६७ सालीं अडविला. शेवटीं मुख्य प्रधान एडवर्ड हीथ यांच्या कारकीर्दींत, १ जानेवारी १९७३ रोजीं, आयर्लंड व डेन्मार्क यांजबरोबर ब्रिटन आंत गेला.

आंत जाऊन दोनच वर्षें झालीं तों, राहावें कीं निघावें, हा प्रश्न पुन्हां लोकांपुढें आला. ५ जून १९७५ रोजीं सार्वमत झालें व ६७ टक्क्यांहून अधिक मतें राहण्याच्या बाजूनें पडलीं. मौज अशी कीं, त्या वेळीं निघण्याची भाषा मजूर पक्षांत अधिक होती आणि हुजूर पक्ष बहुतांशीं राहण्याच्या मताचा होता. चाळीस वर्षांनीं नेमकें उलट झालें. यावरून, हा वाद एका पक्षाचा दुसऱ्या पक्षाशीं नसून ज्याच्या त्याच्या घरांतलाच होता, हें कळून येईल.

दरम्यान संघाचें रूप पालटत गेलें. १९९३ पासून माल, पैसा, सेवा व माणसें यांस एका देशांतून दुसऱ्यांत मोकळेपणीं जातां येऊं लागलें, व त्याच वर्षीं "युरोपीय संघ" हें नांव आलें. पुढें पुष्कळ देशांनीं एकच नाणें घेतलें. ब्रिटननें आपला पौंड राखला. २००४ सालीं पूर्व व दक्षिण युरोपांतील दहा देश एकदम आंत आले व तेथील कामकरी मोठ्या संख्येनें ब्रिटनमध्यें येऊं लागले. सामाईक दुकान म्हणून जें सुरू झालें, तें हळूहळू सामाईक घर झालें. सभासदत्व घेतांना जें ठरलें होतें त्याहून संस्था मोठी झाली, कीं कांहीं सभासदांस ती परकी वाटूं लागते. वादाचें मूळ येथें आहे.

३. दोन्ही पक्षांचें म्हणणें

कोणताहि वाद समजून घ्यावयाचा तर दोन्ही पक्षांचें म्हणणें त्यांच्या त्यांच्या सर्वांत चांगल्या शब्दांत मांडतां आलें पाहिजे. कचेरींत अर्जदार व सामनेवाला या दोघांचेहि जबाब घेतात, तशांतला हा प्रकार.

निघूं इच्छिणाऱ्यांचें म्हणणें असें. आमचे कायदे आमच्या पार्लमेंटनें करावे; ब्रुसेल्स येथील ज्या अधिकाऱ्यांस आम्ही निवडलें नाहीं व काढूंहि शकत नाहीं, त्यांनीं करूं नयेत. देशांत कोणी यावें हें आम्हीं ठरवावें. आमची वर्गणी आम्हांस परत मिळते त्याहून जास्त आहे. आमच्या समुद्रांतील मासळी आमची. आणि जगांतील इतर देशांशीं व्यापाराचे करार आमचे आम्हीं करूं.

राहूं इच्छिणाऱ्यांचें म्हणणें असें. आमच्या निर्यातीपैकीं सुमारे ४४ टक्के माल व सेवा याच संघांत खपतात. एवढी पेठ दाराशीं असतां तिच्या दारांत आपणच आपल्यासाठीं जकातनाकें कां उभें करावें? नियम करणाऱ्यांत आज आमचेंहि मत आहे. बाहेर गेल्यावर माल विकण्यासाठीं नियम तेच पाळावे लागतील, मत मात्र राहणार नाहीं. वर्गणी दिसते, परंतु पेठेपासून होणारा लाभ कोणत्याच पावतीवर लिहिलेला नसतो. आणि ज्या संघानें युरोपांतील वैर शमविलें, तो दुबळा करणें कोणाच्याच हिताचें नाहीं.

या दोहोंपैकीं एकहि म्हणणें पोरकट नाहीं. एका बाजूस स्वतःच्या घराचा कारभार स्वतः करण्याची इच्छा आहे, दुसऱ्या बाजूस एकत्र राहून होणारा लाभ आहे. आपल्या गांवच्या प्रत्येक एकत्र कुटुंबांत हींच दोन म्हणणीं ऐकूं येतात.

४. शेतकऱ्यांतच पडलेली फूट

हा भाग आपणांस विशेष विचार करण्याजोगा आहे. इंग्लंड व वेल्स येथील शेतकऱ्यांची मोठी संघटना जी नॅशनल फार्मर्स युनियन, तिच्या कौन्सिलानें एप्रिल २०१६ मध्यें, शेतीचें हित संघांत राहण्यांत आहे, असा ठराव केला. तरी पुष्कळ शेतकरी उघडपणें निघण्याच्या बाजूचे होते. सरकारांतहि तसेंच. शेतीचें खातें ज्यांजकडे होतें त्या लिझ ट्रस राहण्याच्या बाजूनें बोलत, तर त्यांच्याच हाताखालचे शेतीमंत्री जॉर्ज युस्टिस निघण्याच्या बाजूनें बोलत. मुख्य प्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांनीं मंत्र्यांस तशी मोकळीक दिली होती.

शेतकऱ्याचा राग कशावर होता, याचें एक उदाहरण देतों. २०१५ पासून संघाचा असा नियम झाला कीं, ३० हेक्टरांहून, म्हणजे सुमारे ७५ एकरांहून, अधिक लागवडीची जमीन असणाऱ्यानें सामान्यतः निदान तीन पिकें घेतलींच पाहिजेत. नाहींतर साह्यांतून कपात. जमिनीचा कस राखण्याचा हेतु चांगला. परंतु ज्याची जमीन एकाच पिकास योग्य, त्यानें ब्रुसेल्सच्या कागदासाठीं तिसरें पीक पेरावें, हें त्यास जाचक वाटे. दुसरीकडे, हेंच धोरण ब्रिटनच्या शेतीस वर्षाला सुमारे ३ अब्ज पौंड साह्य देत होतें. वेल्सच्या डोंगरांतील मेंढपाळाचा संसार तर या साह्यावर व युरोपांत खपणाऱ्या मांसावरच चाले. फळें व भाजी खुडण्यास येणारे मजूर बहुतेक रुमानिया व बल्गेरिया या संघांतील देशांचे. म्हणजे जाच व आधार दोन्ही एकाच हातांतून येत होते. अशा वेळीं माणसाला जाच रोज टोंचतो आणि आधार अंगवळणीं पडलेला असतो.

५. २३ जून २०१६ चा कौल

त्या दिवशीं मतदान झालें. सुमारे ४ कोटी ६५ लाख मतदारांपैकीं ७२ टक्क्यांनीं मत दिलें. निघण्याच्या बाजूनें १,७४,१०,७४२ व राहण्याच्या बाजूनें १,६१,४१,२४१ मतें पडलीं, शेंकड्यानें ५१.९ व ४८.१. अंतर १२ लाख ६९ हजार ५०१ मतांचें.

परंतु बेरजेपेक्षां तिच्या पोटांतील आंकडे अधिक बोलके आहेत. इंग्लंड व वेल्स यांचा कौल निघण्याचा. स्कॉटलंडमध्यें ६२ टक्के व उत्तर आयर्लंडमध्यें ५५.८ टक्के मतें राहण्याची. लंडन शहर राहण्याच्या बाजूचें. लिंकनशायरांतील बॉस्टन हा भाजीपाल्याचा तालुका, तेथें शेतमजुरीसाठीं पूर्व युरोपांतून पुष्कळ लोक आले होते, तेथें ७५.६ टक्के मतें निघण्याचीं पडलीं. कॉर्नवॉल हा मागासलेला म्हणून संघाकडून भरपूर साह्य मिळविणारा प्रांत. त्याचाहि कौल निघण्याचाच. तरुण बहुतांशीं राहण्याच्या बाजूस, वृद्ध बहुतांशीं निघण्याच्या. घरोघर बाप एकीकडे व मुलगा दुसरीकडे, असें झालें.

एक गोष्ट आपल्या लोकांसंबंधीं सांगण्यासारखी आहे. ब्रिटनमध्यें वास करणाऱ्या राष्ट्रकुलांतील देशांच्या नागरिकांस या सार्वमतांत मताचा अधिकार होता. त्यामुळें भारताचें नागरिकत्व असलेला लंडनमधील एखादा मराठी माणूस मत देऊं शकत होता. पण त्याच्या शेजारीं वीस वर्षें राहिलेला फ्रेंच किंवा पोलिश मनुष्य देऊं शकत नव्हता. ज्याचें भवितव्य ठरावयाचें त्याला मत नाहीं, असा हा प्रकार पुष्कळांस बोंचला.

प्रचाराविषयीं दोन शब्द. निघणाऱ्यांनीं एका मोटारगाडीवर, आपण आठवड्याला ३५ कोटी पौंड संघाला देतों, असें मोठ्या अक्षरांत रंगविलें होतें. तो आंकडा ठोक होता. १९८४ सालीं मिळविलेली सूट त्यांतून आधींच वजा होत असे. शिवाय शेतीसाह्य वगैरे रूपानें परत येणारी रक्कम निराळीच. देशाच्या सांख्यिकी प्राधिकरणानेंहि हा आंकडा दिशाभूल करणारा असल्याचें सांगितलें. उलट बाजूस, कौल विरुद्ध गेला तर ताबडतोब मोठी मंदी येईल, असें सरकारच्या तिजोरीखात्यानें भाकित केलें होतें. तें त्या वर्षीं खरें ठरलें नाहीं. एकानें वर्गणी फुगवून सांगितली, दुसऱ्यानें भीति फुगवून सांगितली. मतदानाच्या आठवडाभर आधीं, १६ जून रोजीं, राहण्याच्या बाजूच्या पार्लमेंटसभासद जो कॉक्स यांचा एका माथेफिरूनें भर रस्त्यांत खून केला. दोन लहान मुलांची ती आई. वाद कोणत्या थरास गेला होता, हें यावरून दिसेल.

६. "बाहेर" म्हणजे कोठें?

मतपत्रिकेवर दोनच पर्याय होते : राहावें किंवा निघावें. परंतु निघण्याचे प्रकार अनेक. नॉर्वे संघाचा सभासद नाहीं, तरी पेठेंत आहे; तो वर्गणी देतो व नियम पाळतो. स्वित्झर्लंडचे वेगवेगळे करार आहेत. कॅनडाचा नुसता व्यापारी करार आहे. ज्या १ कोटी ७४ लाखांनीं "निघावें" म्हटलें, त्यांपैकीं कोणास यांतलें कोणतें हवें होतें, हें मतपत्रिकेनें विचारलेंच नाहीं. सगळा पुढचा घोटाळा येथून झाला.

कॅमेरॉन यांनीं राजीनामा दिला व थेरेसा मे मुख्य प्रधान झाल्या. पार्लमेंटच्या संमतीवांचून सरकारला निघण्याची नोटीस देतां येत नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१७ मध्यें दिला. मग पार्लमेंटच्या संमतीनें २९ मार्च २०१७ रोजीं नोटीस गेली. दोन वर्षांची मुदत. मे यांनीं केलेला करार पार्लमेंटनें १५ जानेवारी २०१९ रोजीं ४३२ विरुद्ध २०२ मतांनीं फेंकून दिला. मार्चमध्यें आणखी दोनदां फेंकला. २७ मार्च रोजीं सभासदांपुढें आठ निरनिराळे पर्याय ठेवले, तर एकालाहि बहुमत मिळालें नाहीं. जें नको तें सर्वांस ठाऊक होतें. जें हवें त्यावर मात्र एकमत नव्हतें. निघणें रद्द करा, अशा अर्जावर ६० लाखांहून अधिक लोकांनीं नांवें घातलीं. रस्त्यांवर दोन्ही बाजूंच्या मिरवणुकी निघत.

मुदत वाढत गेली. जुलै २०१९ मध्यें बोरिस जॉन्सन मुख्य प्रधान झाले. त्यांनीं पार्लमेंट तहकूब करविलें. तें बेकायदा असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २४ सप्टेंबर रोजीं एकमतानें दिला. डिसेंबरांतील निवडणुकींत मात्र त्यांस ८० चें बहुमत मिळालें. ३१ जानेवारी २०२० रोजीं रात्रीं अकरा वाजतां ब्रिटन संघांतून निघाला. वर्षअखेरपर्यंत जुनी वहिवाट चालू राहिली. २४ डिसेंबर २०२० रोजीं व्यापाराचा करार ठरला, आणि १ जानेवारी २०२१ पासून खरी वांटणी अमलांत आली. कौलापासून साडेचार वर्षें.

७. आयर्लंडचा बांध

माझ्या नोकरींतील एक प्रकरण येथें सांगतों. दोघां भावांनीं चौदा एकरांची वांटणी केली. सारखे सात-सात एकर, भांडण नाहीं, पंचांच्या सह्या, फेरफार मंजूर. सात-बाराचे दोन उतारे झाले आणि दोघेहि पेढे घेऊन कचेरींत आले. विहीर सामाईक ठेवली होती. पण विहिरीवर जाण्याची वाट थोरल्याच्या वांट्यांतून, आणि विजेचें मीटर थोरल्याच्या नांवें. कागदांत या दोहोंचा उल्लेख नव्हता. दोन वर्षांनीं एका शब्दावरून वांकडें आलें, वाट बंद झाली, मोटार बंद झाली, व धाकट्याचा दोन एकर ऊस उभा वाळला. मामलेदार कोर्टांत तो दावा नऊ वर्षें या ना त्या रूपानें चालला. कागद मींच लिहिला होता. त्या वेळीं "वाट कोठून?" एवढा एक प्रश्न मीं विचारला असता तर बरें झालें असतें, असें मला आजहि वाटतें.

ब्रिटनच्या वांटणींत अशी वाट म्हणजे उत्तर आयर्लंड. आयर्लंड बेटाचा उत्तरेकडील तुकडा ब्रिटनचा, उरलेला स्वतंत्र आयर्लंडचा, आणि तो संघांत. मधली सीमा सुमारे ५०० किलोमीटरांची. ती शेतांतून, गोठ्यांजवळून, कोठें कोठें घरांजवळून जाते. तेथें तीस वर्षें रक्तपात झाला होता. १० एप्रिल १९९८ च्या करारानें तो शमला, आणि सीमेवरचीं ठाणीं व पहारे गेले. दोन्ही देश एकाच संघांत असल्यामुळें जकातनाक्याचीहि गरज नव्हती. उत्तरेकडील दूध दक्षिणेंत प्रक्रियेस जाई, जनावरें इकडून तिकडे जात. आतां ब्रिटन निघाल्यावर नाकें कोठें बसवावयाचें? जमिनीच्या सीमेवर बसविलें तर शांततेस धोका. समुद्रावर, म्हणजे इंग्लंड व उत्तर आयर्लंड यांमध्यें बसविलें, तर एकाच राज्याचे दोन तुकडे.

२०१६ च्या प्रचारांत इंग्लंडमध्यें या प्रश्नाकडे फारसें कोणी पाहिलें नाहीं. पुढें मे यांचा करार मुख्यतः याच बांधावर अडला. जॉन्सन यांनीं नाकें समुद्राकडे सरकविलें. त्यावरूनहि वाद माजला, व २७ फेब्रुवारी २०२३ रोजीं विंडसर येथें नवी तडजोड करावी लागली. आजहि उत्तर आयर्लंड मालाच्या बाबतींत संघाचे पुष्कळ नियम पाळतो, व ब्रिटनचा भागहि आहे.

८. पुढें शेतकऱ्याचें काय झालें

करारामुळें मालावर जकात लागली नाहीं, हा मोठा लाभ. नाहींतर मेंढीच्या मांसावर संघाची जकात चाळीस टक्क्यांहून अधिक पडली असती. पण जकात नाहीं म्हणजे अडथळा नाहीं, असें नव्हे. मांस, दूध, जनावरें यांस पशुवैद्याचा दाखला, तपासणी व कागद आले. लहान व्यापाऱ्यास हा खर्च जड झाला. स्कॉटलंडचें बटाट्याचें बेणें प्रसिद्ध. परंतु १ जानेवारी २०२१ पासून तें युनियनमधील देशांत पाठवितांच येईना. जमीन तीच, बेणें तेंच, शेतकरी तोच. सभासदत्व तेवढें गेलें. उलट, युरोपाहून येणाऱ्या मालाची तपासणी ब्रिटननें वारंवार पुढें ढकलली व ती २०२४ मध्यें सुरू झाली. त्यामुळें तीन वर्षें ब्रिटनच्या शेतकऱ्याचा माल तपासला जाई, व प्रतिस्पर्ध्याचा पुष्कळसा तसाच येई.

साह्याचें काय? इंग्लंडमध्यें जमिनीच्या एकरांवर मिळणारें साह्य २०२१ पासून पायरीपायरीनें बंद होत आलें, व मातीची निगा, कुंपणाच्या झुडपांची राखण, पाण्याची स्वच्छता अशा कामांसाठीं पैसे देण्याची नवी रीत आली. हा विचार चांगला आहे, असें पुष्कळ जाणते म्हणतात. जुन्या पद्धतींत ज्याची जमीन मोठी त्यास साह्य मोठें, हा दोष होताच. तीन पिकांचा जाचक नियमहि गेला. परंतु नव्या योजनेपैकीं मुख्य योजनेचे नवे अर्ज ११ मार्च २०२५ रोजीं सरकारनें एकाएकीं बंद केले, तेव्हां शेतकरी चकित झाले. निर्णय ब्रुसेल्सहून लंडनला आला. पण तो शेतकऱ्याच्या बांधावर आला नाहीं.

व्यापाराचे नवे करारहि झाले. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांजबरोबरचे करार ३१ मे २०२३ पासून अमलांत आले; त्यांत तेथील मांसास हळूहळू ब्रिटनची पेठ मोकळी होते. निघण्याच्या बाजूनें प्रचार करणारे वर उल्लेखिलेले युस्टिस, यांनींच मंत्रिपद सोडल्यावर नोव्हेंबर २०२२ मध्यें पार्लमेंटांत, ऑस्ट्रेलियाचा करार ब्रिटनला फारसा चांगला नाहीं, असें सांगितलें. मजुरांसाठीं हंगामी परवाने काढावे लागले. २०१९ मध्यें २,५०० होते, ते पुढें हजारोंनीं वाढले, आणि मजूर आतां मध्य आशियांतूनहि येऊं लागले.

तेव्हां ब्रिटन बुडाला काय? नाहीं. तो भरभराटला काय? तसेंहि दिसत नाहीं. तेथील अर्थसंकल्पावर देखरेख करणाऱ्या स्वतंत्र कचेरीचा अंदाज असा कीं, संघांत राहता तर जेवढी उत्पादकता झाली असती, तीहून ती दीर्घकाळांत सुमारे ४ टक्के कमी राहील. निघण्याच्या बाजूचे हा अंदाज मानीत नाहींत. १९ मे २०२५ रोजीं लंडनच्या बैठकींत ब्रिटन व संघ यांनीं शेतमालाच्या तपासण्या कमी करण्याकरितां करार करावयाचें ठरविलें. ज्या वाटेवर कुंपण घातलें, तिच्यावर आतां फाटक बसवीत आहेत.

९. नाशिकच्या द्राक्षांशीं संबंध

आपल्याकडील द्राक्षें न्हावा-शेवा बंदरांतून हॉलंड व ब्रिटन या दोन्हीकडे जातात. पूर्वीं दोन्हीकडे औषधांच्या अवशेषाची मर्यादा एकच. रॉटरडॅमला उतरलेला माल पुढें इंग्लंडांत विनाअडथळा जाऊं शके. २०२१ पासून ग्रेट ब्रिटन आपल्या मर्यादा आपण ठरवितो, म्हणून बागाईतदारानें व निर्यातदारानें दोन याद्या पाहाव्या लागतात. २०१० सालीं एका वाढरोधक औषधाच्या अवशेषामुळें आपल्या द्राक्षांवर युरोपांत केवढें संकट आलें, हें जुन्या बागाईतदारांस सांगावयास नकोच. तेव्हां कोणती फवारणी कोणत्या देशासाठीं चालते, हें प्रत्येक हंगामापूर्वीं पाहावें. २४ जुलै २०२५ रोजीं भारत व ब्रिटन यांच्या व्यापारी करारावर सह्या झाल्या. असा स्वतंत्र करार करणें संघांत असतां ब्रिटनला शक्य नव्हतें, हें निघणाऱ्यांच्या बाजूनें प्रामाणिकपणें नमूद केलें पाहिजे.

१०. आपण यांतून काय घ्यावें

पहिलें : निघावें असा ठराव मांडणाऱ्यानें, निघून कोठें जावयाचें तेंहि त्याच कागदावर लिहावें. राहावें म्हणणाऱ्यानें, राहून काय सुधारणार तें लिहावें. नुसतें "निघूं" व नुसतें "राहूं" हे दोन्ही अर्धे ठराव आहेत.

दुसरें : वर्गणीचा आंकडा सांगतांना ठोक व निव्वळ असे दोन्ही सांगावे. आपल्या मंडळाची कपात किती व खताच्या सामाईक खरेदींत वांचले किती, हें शेजारीं शेजारीं मांडावें.

तिसरें : वांटणीपूर्वीं सामाईक वस्तूंची यादी करावी. गोदाम, वजनकाटा, कर्जाची हमी, व्यापाऱ्यांकडील पत. विहीर, वाट व मीटर यांची चूक पुन्हां नको.

चौथें : निर्णय किती बहुमतानें व्हावा, हें मत घेण्यापूर्वीं ठरवावें. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० यांत संस्थेच्या विभाजनासाठीं, हजर राहून मत देणाऱ्यांपैकीं दोन-तृतीयांशांची अट घातली आहे. ती उगाच नाहीं. निम्म्याहून थोडे अधिक एका बाजूस व उरलेले दुसऱ्या बाजूस, अशा कौलानें काम होतें, पण मन मिळत नाहीं.

पांचवें : हरलेला पक्ष दुसऱ्या दिवशीं गांवांतच असतो. ब्रिटनमध्यें "राहणारे" व "निघणारे" हीं दोन नांवें मतदानानंतर अनेक वर्षें माणसांस चिकटून राहिलीं. तसें आपल्याकडे होऊं नये. ज्यास निघावेंसें वाटतें तो द्रोही नव्हे, व ज्यास राहावेंसें वाटतें तो मिंधा नव्हे.

पुढील सभेंत मत कोणास द्यावें, हें मी सांगत नाहीं; तो अधिकार ज्याचा त्याचा. सभेपूर्वीं हा पाठ चावडीवर मोठ्यानें वाचावा व पुढील प्रश्नांचीं उत्तरें दोन्ही पक्षांच्या सभासदांनीं एकत्र बसून लिहावीं, एवढीच विनंती.

प्रश्न

(१) ब्रिटनच्या मतपत्रिकेवर कोणती गोष्ट विचारावयाची राहिली? तिचा परिणाम काय झाला?
(२) आठवड्याच्या ३५ कोटी पौंडांच्या आंकड्यांत चूक कोणती? आपल्या मंडळाच्या कपातीचा निव्वळ आंकडा काढून दाखवा.
(३) आपल्या सामाईक व्यवहारांत "विहिरीची वाट" कोणकोणती आहे? यादी करा.
(४) ज्या पक्षाचें म्हणणें आपणांस पटत नाहीं, तें त्या पक्षास मान्य होईल अशा शब्दांत दहा ओळींत लिहा.

चौथा प्रश्न सर्वांत कठीण आहे. तो सुटला, तर मग मत कोणत्याहि बाजूस पडो, आपल्या गांवांत वाट बंद होणार नाहीं.